रविवार संध्याकाळची पोटदुखी

लेक आठवीत असताना, २०२३ च्या पावसाळ्यात, दर रविवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला, शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासण्यांत 'ड' जीवनसत्त्व कमी निघालं, बाकी सगळं नीट. औषध लिहून देता देता डॉक्टरांनी सहज विचारलं, "झोपते कधी?" अकरा वाजता. उठते साडेपाचला. ते म्हणाले, या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हिला साडेसहा मिळतेय. मी मान डोलावली आणि येताना रिक्षातच तिला क्लासला सोडून घरी आले. आज ते आठवलं की जीव कासावीस होतो.

पोटापेक्षा मोठी खूण मला दिसलीच नव्हती. आमची लेक भांडखोर. डब्याच्या भाजीवरून, वेणीवरून, टीव्हीच्या आवाजावरून वाद घालणारी. त्या महिन्यांत ती प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणायला लागली. गणपतीच्या मखराचं विचारलं, चालेल. मामाकडे जायचं? चालेल. मला वाटलं, शहाणी झाली.

सहामाही परीक्षेच्या आधी ती एका सकाळी बूट घालून पायरीवर बसली ती उठेचना. रडली नाही, चिडली नाही. व्हॅन निघून गेली. त्या दिवशी आम्ही समुपदेशक शोधल्या.

त्यांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटना 'बर्नआउट' हा शब्द नोकरीधंद्यातल्या ताणापुरताच वापरते, मुलांसाठी ते निदान नाही. पण खुणा त्याच: विश्रांतीनेही न जाणारी दमणूक, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींना विटणं, आणि 'मला जमतच नाही' हे पक्कं होणं. मग त्यांनी आम्हाला तिच्या आठवड्याचे तास मोजून आणायला सांगितले.

रात्री पाठकोरा कागद घेऊन बसलो. व्हॅन आणि शाळा धरून साडेसदतीस तास. फाउंडेशनचा, म्हणजे पुढच्या जेईई-नीटसारख्या प्रवेश परीक्षांच्या आगाऊ तयारीचा क्लास बारा. शनिवारी शिष्यवृत्तीचा सराव तीन, रविवारची टेस्ट तीन, गृहपाठ दहा. बेरीज साडेपासष्ट. तिच्या बाबांची ड्युटी जाण्यायेण्यासकट पंचावन्न भरते, आणि ते घरी आले की आम्ही त्यांना चहा देतो, "दमलास का" विचारतो. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. फाउंडेशनचा आग्रह त्यांचाच होता, आणि तो बंद करू या हेही तेच पहिल्यांदा म्हणाले.

क्लासने उरलेली फी परत दिली नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची कोचिंगसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत. आम्ही ऑक्टोबरमध्येच सोडला होता. पण कुणी आज याच वळणावर असेल तर हे माहीत असू द्या. शिष्यवृत्तीलाही तिला बसवलं नाही. वर्गशिक्षिकेला भेटले तेव्हा फार बोलावं लागलं नाही, दिवाळीनंतर सहा आठवडे गृहपाठ निम्मा चालेल असं त्या आपणहून म्हणाल्या.

खरी कसोटी पुढे होती. मला वाटलं होतं, क्लास सुटला की पोर हसायला लागेल. ती नुसती झोपली. शाळेतून आली की जेवून पाचपर्यंत झोप, उठली की गॅलरीत बसून राहायचं. तीन आठवडे! हात शिवशिवायचे, चित्रकलेचा क्लास लावू का, निदान पुस्तक तरी देऊ का. समुपदेशकांनी बजावलं होतं: रिकाम्या जागेत काही भरू नका, आणि "कसं वाटतंय?" दिवसातून दहा वेळा विचारू नका. सासूबाईंना हे माझ्याआधी कळलं. त्या तिच्या शेजारी बसून लसूण सोलायच्या, बोलायच्या नाहीत. चौथ्या आठवड्यात कधीतरी तीही सोलायला लागली.

मी एकदा घोळ घातलाच. चाचणीत गणितात वीसपैकी नऊ आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडं बसली असतीस तर?" त्या रविवारी पोट पुन्हा दुखलं. रात्री तिच्या उशाशी बसून मी माफी मागितली. आईने मुलीची माफी मागायची आमच्याकडे रीत नाही. तिने कूस बदलली, पण माझा हात हातातून सोडला नाही.

आता ती नववीत आहे. झोप साडेनऊला, ती वेळ आम्ही कशासाठीही मोडत नाही. गणितासाठी आठवड्यातून दोनदा खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाते, तेही तिनेच ठरवलं. परवा डब्यात दोडका दिला तर संध्याकाळी डबा तसाच परत आला आणि वर भांडण: "तुला शंभरदा सांगितलंय आई, दोडका नको म्हणजे नको!" मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून पदराने डोळे पुसले आणि तिच्यासाठी बटाट्याच्या काचऱ्या टाकल्या.