कब कॅडेट १२४ आणि स्नो ब्लोअर: शिअर बोल्ट तुटेपर्यंतची नोंद

ऑक्टोबर, पहिला आठवडा

मागच्या नोंदीपर्यंत ट्रॅक्टर फिरता झाला होता. गिअर पडत होते, ब्रेक लागत होता. आता पाळी पुढच्या स्नो ब्लोअरची, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणाऱ्या यंत्राची.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टर कब कॅडेट १२४, म्हणजे १९६७ ते १९६९ या काळातला, तीन गिअरचा, कोहलर के३०१ इंजिनचा. एकच सिलिंडर, ४७६ सीसी, १२ अश्वशक्ती. ब्लोअर मात्र दुसऱ्याच बनावटीचा, ४२ इंच रुंदीचा, दोन टप्प्यांचा: पुढचा मळसूत्री ऑगर बर्फ आत ओढतो, मागचा पात्यांचा इंपेलर तो बाहेर फेकतो. आधीच्या मालकाने लोखंडी पट्ट्या वेल्ड करून तो याला जोडला. ही सोयरीक जमली त्याला कारण आहे: या ट्रॅक्टरात क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने बसतो आणि पीटीओची, म्हणजे इंजिनाची ताकद जोडयंत्राला देणारी, पुली थेट समोर येते. त्यामुळे बेल्ट सरळ खाली इंपेलरच्या शाफ्टवर उतरतो, मध्ये वळणाच्या पुल्या लागत नाहीत.

ऑगरवरचा चिखल आणि जुनं ग्रीस खरवडलं आणि ऑगर शाफ्टला जोडणाऱ्या शिअर बोल्टची डोकी दिसली. प्रत्येकावर सहा रेघा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, अतिशय कडक पोलाद. या ब्लोअरला तिथे मऊ बोल्ट लागतो, डोक्यावर एकही रेघ नसलेला ग्रेड २. दगड अडकला की तो बोल्ट तुटायचा आणि बाकी सगळं वाचायचं, एवढ्यासाठीच तो असतो. कडक बोल्ट घातला की तुटण्याची पाळी गिअरबॉक्सवर येते. आतलं वर्मव्हील (दातेरी चाक) कांस्याचं, त्याला फिरवणारा मळसूत्री वर्म पोलादाचा. जोर आला की कांस्याचे दात जातात. जुन्या ब्लोअरसाठी ते व्हील शोधायचं म्हणजे अख्खा हिवाळा गेला समजा.

बोल्ट काढले आणि ऑगर हाताने फिरवून बघितला. शाफ्टपासून तो सुटा फिरायला हवा होता, पण जागचा हलला नाही. ऑगरची नळी आणि तिच्या आतला शाफ्ट गंजाने एकजीव झाले होते. म्हणजे योग्य बोल्ट घातले असते आणि ते तुटले असते, तरी ऑगर शाफ्टसकट फिरतच राहिला असता. या महिन्याचं काम तिथेच ठरलं.

ऑक्टोबर, दुसरा आणि तिसरा आठवडा

अकरा दिवस लागले. ते कसे गेले हे सविस्तर लिहितो, कारण ही अडचण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ब्लोअरमध्ये लपलेली असणार.

ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल निम्मं-निम्मं घेतलं. दोन्ही लगेच वेगळे होतात, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच सोडायचं. ऑगर उभा करून वरच्या टोकाला मातीचा बांध घातला आणि मिश्रण आत झिरपू दिलं, रोज सकाळ-संध्याकाळ. दोन दिवस वरून नळीवर हलकेच ठोकत राहिलो. जोराचा घाव घालायचा नाही. नळी पातळ पत्र्याची, चेमटली की आणखी घट्ट बसते.

पाचव्या दिवशी ग्रीस निप्पलची आठवण झाली. दोन्ही नळ्यांवर मधोमध एकेक निप्पल होतं, रंगाखाली बुजलेलं. जुनी काढून नवी बसवली आणि ग्रीसगनने दाब दिला. ग्रीस आत गेलं नाही, पण दाब टिकून राहिला, आणि तोच रात्रभर काम करत राहिला. आठव्या दिवशी ओल पूर्ण सुकू दिली, ग्रीस पुसून घेतलं आणि मग नळीला गॅसच्या टॉर्चने शेक दिला. ॲसिटोनची वाफ असताना टॉर्च जवळही नेऊ नका. नळी गरम होऊन फुगते, आतला शाफ्ट तुलनेने थंड राहतो, गंजाचा थर तडकतो. गरम करायचं, निवू द्यायचं, पुन्हा तेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकवून शेक. अकराव्या दिवशी पाइप पान्याने केसभर हलला. केसभर पुढे, केसभर मागे, मध्ये तेल. तासाभराने पूर्ण फेरा झाला. डावी बाजू सुटल्यावर उजवी त्याच दिवशी संध्याकाळी सुटली.

शाफ्ट घासून चकचकीत केला आणि ग्रीस भरलं, ते दोन्ही टोकांनी बाहेर येईपर्यंत. दर मोसमाच्या सुरुवातीला बोल्ट काढून ऑगर सुटा फिरतो का, हे बघायचं. माझ्या वहीत हे आता पहिल्या ओळीवर आहे.

ऑक्टोबरअखेर

गिअरबॉक्स उघडला. तेल दुधाळ कॉफीसारखं, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं. तळाशी सोनेरी कण होते, ते कांस्याचे. पण दात बघितले तर झीज सारखी आहे, एकही दात तुटलेला नाही. कडक बोल्ट इतकी वर्षं असूनही तो वाचला, याचा मला मनापासून आनंद झाला. नवे सील, नवी गॅस्केट, नवं तेल.

स्किड शू (ब्लोअर जमिनीपासून वर ठेवणारे घसरपाय) आणि सुटे पत्रे विद्युत विघटनाने साफ केले. प्लास्टिकचं पिंप, साधारण चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. ऋण टोक आपल्या वस्तूला, धन टोक भंगार लोखंडाला. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील कधीच वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे उघड्यावरच. स्प्रिंगा यात घालू नयेत, त्या ठिसूळ होतात.

नोव्हेंबर, पहिला पंधरवडा

थंडी वाढली आणि इंजिन चालू होईना. स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारं आणि नंतर बॅटरी चार्ज करणारं एकच यंत्र) अर्धा फेरा फिरवून थांबायचा. बॅटरी बदलली, अर्थिंगची जागा घासली, बेल्ट ताणला, तरी तेच.

कारण टॅपेटमध्ये, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या दांड्याच्या फटीत निघालं. या इंजिनच्या कॅमवर कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते. इंजिन सावकाश फिरत असताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, म्हणजे स्टार्टरला पूर्ण दाबाशी झुंजावं लागत नाही. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि यंत्रणा बाजूला होते. पण तो उचल अगदी थोडा असतो. एक्झॉस्टची फट थंड इंजिनवर ०.०१७ ते ०.०२० इंच हवी, माझी ०.०२८ भरली. एवढ्या फटीत व्हॉल्व्ह उचललाच जात नव्हता. ०.०१८ वर आणली, इनटेक ०.००९ वर, आणि जुन्याच बॅटरीवर इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. याच यंत्रणेमुळे साधा कॉम्प्रेशन गेज या इंजिनांवर फसवा आकडा दाखवतो. पिस्टनच्या रिंगांवर शंका असेल तर लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते हे बघणं) करा.

ठिणगीचे पॉइंट ०.०२० इंचावर, फ्लायव्हीलची एस खूण खिडकीत आल्यावर नुकते उघडतील असे. कार्बोरेटर साफ केला. बाकी काही विशेष नाही.

नोव्हेंबर, दुसरा पंधरवडा

बेल्ट सारखा एका कडेने झिजत होता. लांब सरळ पट्टी दोन्ही पुल्यांवर टेकवली तर खालची आठ मिलिमीटर पुढे निघाली. वेल्ड केलेल्या पट्ट्यांच्या भोकांना लांबट केलं, वॉशर घालून ओळ जमवली.

मग इंपेलर. पात्याचं टोक आणि भोवतीचा डबा यांत एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला नऊ मिलिमीटर फट होती. कोरडा बर्फ यातूनही उडतो. ओला बर्फ मात्र फटीत माखतो, पाती त्याला फेकण्याऐवजी चोळत राहतात आणि च्यूट, म्हणजे बर्फ बाहेर फेकणारी नळी, तुंबतो. चारही पात्यांना जाड, धाग्याच्या थराचं रबर बोल्टने जोडलं, डब्याला जेमतेम घासेल इतकं. स्पार्क प्लगची वायर काढून हाताने दहा फेरे फिरवून बघितलं. वजन चारही पात्यांवर सारखंच हवं, नाहीतर हादरे बसतात.

स्किड शू मी पक्क्या जमिनीसाठी तीन मिलिमीटरवर ठेवले. खडी असेल तर पंचवीस तरी ठेवा. मागच्या चाकांना साखळ्या आणि लोखंडी वजनं. टायरमध्ये कॅल्शियम क्लोराईडचं पाणी भरायचं मनात होतं, पण जुन्या रिमा त्याने गंजतात, म्हणून सोडून दिलं.

डिसेंबर

पहिला बर्फ ओला आणि जड पडला. चाचणीला याहून चांगला मिळाला नसता.

आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये क्युबेकमध्ये बनवलेल्या बर्फफेक्या ट्रकमध्ये ब्लोअरला वेगळं इंजिन होतं. आपल्याकडे चाकं आणि ब्लोअर एकाच इंजिनवर, त्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण वर ठेवायचा आणि वेग गिअरने कमी करायचा. १२४ चा पहिला गिअरही खोल बर्फाला जरा वेगवान पडतो. मी अर्धी रुंदीच घेतली, पुढे गेलो, क्लच दाबून ब्लोअरला मोकळं होऊ दिलं, पुन्हा पुढे. क्लच अर्धवट दाबून चालवण्याचा मोह टाळला. च्यूट एकदाही तुंबला नाही. रबराचं काम मी सगळ्यांना सुचवेन.

दुसऱ्या दिवशी बर्फाखाली गोठलेला ओंडका डाव्या ऑगरमध्ये शिरला. टक् असा एकच आवाज. उजवा ऑगर फिरत होता, डावा स्तब्ध. पीटीओ बंद, इंजिन बंद, प्लगची वायर काढली, सगळं थांबेपर्यंत वाट बघितली. ओंडका काठीने बाहेर ढकलला. हात आत घातला नाही, कारण इंजिन बंद असलं तरी ताणलेला बेल्ट मोकळा होताना ऑगर झटका देऊ शकतो. बोल्टचे दोन तुकडे खाली पडले होते, कट अगदी स्वच्छ. डावा ऑगर एका बोटाने शाफ्टवर फिरला. नवा बोल्ट घातला आणि पाच मिनिटांत काम पुन्हा सुरू.

रात्री गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून उजेडात धरलं. एकही सोनेरी कण नाही. आता स्टार्टर-जनरेटरचे ब्रश बघायचे आहेत. चार्जिंगची सुई अजून मधूनच खाली येते.