डाव्या पायाचे आठ मिलिमीटर

स्वतःसाठी पँट शिवताना मी डावीकडची किनार नेहमी थोडी जास्त दुमडते. सोळा वर्षं शिवणकाम करते आहे, ही सवय कधी लागली ते आठवत नाही. दोन्ही पाय सारखे ठेवले की डावीकडचं कापड जमिनीला घासायचं, म्हणून दुमडायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. इतरांची मापं घेताना एक खांदा उतरता आहे, एक नितंब वर आहे हे मला लांबून दिसतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ते दिसायला अर्धशिशी इतकी वाढावी लागली, की महिन्यातले अकरा दिवस मी काळोख्या खोलीत पडून असायचे.

माझा त्रास डाव्या भुवईच्या वर सुरू होतो. आधी मान आखडते, मग ठणका, मग उजेड सहन होत नाही, शेवटी उलटी. दीड-दोन दिवस जातात. मान आधी दुखते म्हणून मला वर्षानुवर्षं खात्री होती, की दुखणं मानेतूनच येतं. डोकं मशीनवर झुकवून बसणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी ही समजूत पहिल्याच भेटीत हलवली. त्या म्हणाल्या, "मान दुखली म्हणून झटका आला, असं तुम्ही म्हणता. झटका सुरू झालाय म्हणून मान दुखते आहे, असंही असू शकतं." अर्धशिशीत डोकं ठणकण्याच्या काही तास, कधी एक दिवस आधीच मेंदूत गडबड सुरू झालेली असते. सारख्या जांभया येणं, चिडचिड, मान जड होणं ही त्या आधीच्या टप्प्याची लक्षणं असतात. मी हे ऐकलं आणि मागच्या कितीतरी झटक्यांच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या जांभया आठवल्या.

पण मानेचा काहीच संबंध नाही, असंही त्यांनी सांगितलं नाही. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी येणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची, कपाळाची संवेदना नेणारी नस, दोन्ही मेंदूच्या देठात आणि मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून कवटीच्या तळाशी ताण असला तर दुखणं डोळ्यामागे जाणवू शकतं. मूळ प्रवृत्ती मेंदूची आणि बऱ्याच अंशी वारशाने आलेली; माझ्या आईलाही अर्धशिशी होती. त्या प्रवृत्तीवर झोप, पाळी, उपास, तेजस्वी प्रकाश असं काय काय येऊन पडतं. मानेचा ताण त्यातलं एक ओझं. निव्वळ मानेतून उठणारी डोकेदुखी हा वेगळा आजार आहे, आणि माझा तो नव्हता.

त्यांनी आधी माझ्या गोळ्या मोजल्या. दोन-तीन औषधं एकत्र असलेली वेदनाशामक गोळी मी महिन्यात बारा-तेरा दिवस घेत होते. अशा गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. त्या थांबवल्या, झटके टाळण्याचं रोजचं औषध सुरू झालं. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. तिसऱ्या महिन्यात अकराचे सात दिवस झाले. पायाबद्दल मी पुढे जे लिहिते आहे, ते सगळं या सातनंतरचं आहे, आणि हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मानेसाठी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने अनवाणी उभं केलं आणि मागून बघितलं. डावीकडची कंबर खाली, उजवा तळवा जास्त सपाट, उजवा गुडघा किंचित वाकलेला. लांब पाय असा स्वतःला आखूड करून घेतो. पाया कलला की कणा वरच्या वर बाक घेत डोकं सरळ आणतो, कारण डोळ्यांना क्षितिज आडवं हवं असतं. ही सगळी जुळवाजुळव स्नायू दिवसभर करत राहतात.

मग टेप निघाली. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत तीनदा माप घेतलं आणि फरक तीन वेळा वेगळा आला: सहा, अकरा, आठ मिलिमीटर. मला आश्चर्य वाटलं नाही. हाडाचं टोक कातडीखाली असतं, बोट जरा सरकलं की माप बदलतं. टेपवर माझा विश्वास आहे तो कापडापुरता. कमरेचे स्नायू एका बाजूला आवळले असतील तर आडवं पडल्यावर पाय नुसता आखूड भासतोही. म्हणून तिने डाव्या पायाखाली पातळ फळ्या एकेक करून सरकवल्या आणि कंबर कुठे समतल होते ते पाहिलं. पुढे उभ्याने एक्स-रे काढला. आठ मिलिमीटर.

हा फरक मोठा नाही. बहुतेक माणसांच्या पायांत थोडा फरक असतोच, आणि त्यातल्या बहुतेकांचं डोकं दुखत नाही. फिजिओथेरपिस्टने दुसरी गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात मोलाची वाटते: "बसल्यावर पायांची लांबी कमरेला लागूच होत नाही. तुम्ही दिवसातला किती वेळ उभ्या असता?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी घरी येऊन डोकेदुखीच्या वहीत एक रकाना वाढवला. कापण्याचा दिवस की शिवण्याचा दिवस? कापताना मी टेबलापाशी तीन-चार तास उभी असते, शिवताना बसलेली. दोन महिन्यांत दिसलं, की झटके दोन्हींनंतर येतात, पण लागोपाठ दोन दिवस कापलं असेल तर मान जास्त धरते. शिवण्याच्या दिवसांचं कारण वेगळं होतं, सुईकडे बघत पुढे काढलेलं डोकं. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते जितकं पुढे जाईल तितकं मानेच्या मागच्या स्नायूंना जास्त खेचून धरावं लागतं.

म्हणून दोन कामं केली. डाव्या चपलेत आणि बुटात टाचेखाली चार मिलिमीटरची कॉर्कची पट्टी. पूर्ण आठची नाही. इतक्या वर्षांत शरीराने स्वतःची घडी बसवलेली असते, ती एकदम उसवली तर गुडघा आणि कंबर कुरकुरतात. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, मग वाढवत नेली. आणि कापायचं टेबल लाकडी ठोकळ्यांवर उचललं, मशीनचीही उंची वाढवली, म्हणजे कापड डोळ्यांकडे येतं. दर अर्ध्या तासाने उठते. हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम करते.

आता महिन्यातले चार-पाच दिवस जातात. यातलं किती पट्टीमुळे, किती टेबलामुळे, किती औषधाचा असर उशिरा पुरता आल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही, कारण सगळं एकावर एक आलं. मान मोकळी झाली आहे, एवढं ठाम सांगते.

मध्यंतरी एका ठिकाणी मला आडवं पाडून पाय ओढले, दोन्ही टाचा सारख्या दाखवल्या, मानेला झटका दिला आणि अर्धशिशी मुळापासून गेली असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा काळोख्या खोलीत होते. त्याचा राग अजून आहे. मानेला असा झटका देताना क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. ज्यांना पायांत फरक वाटतो त्यांनी जरूर मोजून घ्यावं, पण आधी डोकेदुखी कसली आहे ते ठरू द्यावं. अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, सोबत ताप, बोलण्यात अडखळणं, हातापायातली ताकद जाणं असं काही असेल तर पाय मोजत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

परवा पँट कापताना डावीकडची दुमड तशीच ठेवू की काढू यावर थांबले. पट्टी बुटात असते, घरात मी अनवाणी वावरते. डावीकडे चार मिलिमीटर जास्त दुमडले आणि टीप घातली.