श्रेयनामावलीत नसलेला चार्ली

आज 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) हा वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतला सिनेमा, पुन्हा पाहिला. सुरुवातीलाच टूमस्टोन गावच्या गुत्त्यात दारूच्या नशेत गोळ्या झाडणारा इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी) चार्ली येतो. नायक हेन्री फोंडा त्याला पाय धरून फरफटत बाहेर काढतो आणि त्याचं काम तिथेच संपतं. हा चार्ल्स स्टीव्हन्स. श्रेयनामावलीत नावही नाही!

१८९३ मध्ये ॲरिझोनात जन्म. अपाची या मूळ अमेरिकी जमातीचा नेता जेरोनिमो याचा नातू अशी त्याची जाहिरात व्हायची. या नात्याला मात्र आधार नाही. मूकपटांत तो नायक डग्लस फेअरबँक्सचा हक्काचा सोबती: 'मार्क ऑफ झोरो' (१९२०), 'थ्री मस्केटियर्स' (१९२१), 'ब्लॅक पायरेट' (१९२६). तिथे समुद्री चाचा, शिपाई, नोकर, काहीही चालायचं. बोलपटांत, विशेषतः वेस्टर्नमध्ये, वाट्याला आले ते बहुतेक मेक्सिकन दरोडेखोर आणि इंडियन, तेही दोन-चार वाक्यांचे.

मोठ्या अपाची भूमिका गोऱ्यांकडे जात. १९५० मध्ये अपाची नेता कोचीस झाला ब्रुकलिनचा जेफ चँडलर, १९६२ मध्ये जेरोनिमो झाला निळ्या डोळ्यांचा चक कॉनर्स. तेव्हा स्टीव्हन्स हयात होता. तो १९६४ मध्ये गेला. फरफटत नेतानाचा तो प्रसंग आज मी तीनदा मागे नेऊन पाहिला, फक्त त्याच्या चेहऱ्यासाठी.