आधी चित्र, मग माफी

एक माजी विद्यार्थिनी, लोद (इस्रायल)

शाळेला दीडशे वर्षं झाली, काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. मला लिहायचंय ते हिब्रूच्या तासाबद्दल, आणि त्यातही एलुल महिन्यातल्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या आधीच्या महिन्यातल्या तासांबद्दल.

१८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत ही शाळा काढली, ती बेने इस्रायल, म्हणजे आम्हा मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या मुलांना चार बुकं शिकता शिकता हिब्रू आणि धर्मही कळावा म्हणून. सर एली कदूरींचं नाव तिला पुढे लागलं. माझ्या वेळी वर्गातली ज्यू मुलं रोडावत चालली होती. कुणाचे काका गेलेले, कुणाचं अख्खं घरच इस्रायलला जायच्या तयारीत. तरी तो तास चुकला नाही.

एलुल लागला की घरात दरफाळणीच्या सणाची, म्हणजे किप्पूरची, आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाची चाहूल लागायची. मोठी माणसं अंधारातच उठून सलिहोतला, म्हणजे क्षमेच्या प्रार्थनांना, सिनेगॉगमध्ये जायची, पांढरे कपडे धुऊन ठेवले जायचे. हे सगळं बघून आम्हा पोरांचा ठाम समज झालेला, की त्या दिवशी उपास केला आणि छातीवर मूठ मारत कबुलीची प्रार्थना म्हटली, की वर्षभराचं सगळं माफ! बाई पहिल्याच तासाला हा समज मोडून काढायच्या. “देवाशी वागताना तुमचं काही चुकलं असेल, तर किप्पूर. शेजारच्याची पेन्सिल घेतली असेल, तर आधी पेन्सिल परत. मग त्याची समजूत. देव त्यात मध्ये पडत नाही.” हे मिश्नात, म्हणजे ज्यू नियमांच्या जुन्या ग्रंथात सांगितलंय आणि रमबाम या मोठ्या धर्मपंडिताने बाराव्या शतकात नीट कलमवार लिहून ठेवलंय, हे मला फार पुढे कळलं. बाईंनी ते सहा-सात वर्षांच्या मुलांना पेन्सिलीवर शिकवलं होतं.

किप्पूरच्या दुपारी वाचतात ती योनाची, माशाने गिळलेल्या प्रेषिताची गोष्ट बाई कीर्तनाच्या थाटात सांगायच्या. मासा आम्हाला प्रिय, पण बाई माशापाशी रेंगाळायच्या नाहीत. त्यांना घाई असायची निनवेला पोचायची, योनाने ज्या पापी शहराला बजावलं तिथे. सगळं शहर गोणपाट नेसून उपाशी बसलंय. पण देवाने काय पाहिलं? गोणपाट पाहिलं नाही, उपास पाहिला नाही. त्यांची करणी पाहिली. मग यायची तुळईची गोष्ट. निनवेत कुणी चोरीची तुळई वाड्यात बसवली असेल, तर त्याने वाडा पाडून ती तुळई मालकाला परत दिली, असं तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात आहे.

इथे वर्गात नुसता कल्ला! आम्ही बहुतेक चाळीतली मुलं. “बाई, वर भाडेकरू असले तर?” “मालकानेच नको म्हटलं तर?” बाई भांडू द्यायच्या आणि शेवटी सांगायच्या, की पुढे आपल्या रब्बींनी नियम सोपा केला: घर पाडू नका, तुळईची किंमत द्या. घर पाडायची वेळ आली तर चोर कबूलच होणार नाही. माणसाला परत येण्याची वाट बंद करायची नाही, हे त्या वयातही आम्हाला पटलं. वर्गातल्या एका मुस्लिम मुलीला ही गोष्ट घरून ठाऊक होती, त्यांच्याकडे योनाचा यूनुस. तिने माशाच्या पोटातली दुआ म्हणून दाखवली आणि बाईंनी ती सगळ्यांना ऐकवायला लावली.

आता चित्राचं सांगते. एका मुलाने रागाच्या भरात शेजारणीचं चित्र फाडलं. समुद्र आणि होड्या काढल्या होत्या तिने. त्याने लगेच माफी मागितली, ती मान वळवून बसली. बाईंनी तिला “जाऊ दे गं” म्हटलं नाही. याचं मला आजही मोठं अप्रूप वाटतं. माफी नाकारली तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा मागायची, या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर उभा राहिला. घरून खळ आणून, मागून कागद लावून चित्र चिकटवलेलं. तरी ती नाहीच म्हणाली. तेव्हा बाईंनी त्याला एवढंच विचारलं, “तिला काय हवंय, हे तू विचारलंस का रे?” त्याने विचारलं. तिला नवा समुद्र हवा होता आणि होड्या त्याने रंगवायला हव्या होत्या, तिच्या शेजारी बसून, तिच्या रंगांनी. मधल्या सुट्टीत दोघं वाकून बसले. होड्या सगळ्या तांबड्या झाल्या; त्याला तोच खडू मिळाला होता. माफी त्यानंतर झाली, आणि ती मागावीसुद्धा लागली नाही.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याला “चित्रफाड्या” म्हणून चिडवलं. बाईंना इतकं चिडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ज्याने भरपाई केली त्याला त्याची जुनी चूक आठवून द्यायची नाही, शब्दाने दुखवणं हाही अपराधच, हे मिश्नातलं कलम त्यांनी त्या दिवशी आम्हाला ऐकवलं. चूक करणाऱ्याचं काम संपलं होतं, आता वर्गाचं काम होतं.

मुलांना पश्चात्ताप शिकवायचा म्हणजे ‘सॉरी’ म्हणायला लावायचं, असं मी अनेक शिक्षकांच्या वर्गांत पाहिलं. दोन मुलांचे हात एकमेकांत कोंबायचे, दोघांकडून पुटपुटून घ्यायचं, की संपलं. ज्याला लागलंय त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्याने मारलंय त्याला करण्यासारखं काही उरत नाही. हे लवकर उरकतं म्हणून चालतं. मला ते मान्य नाही.

इथे लोदला मी बालवाडीत शिकवते. एलुलमध्ये आम्ही शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकून दाखवतो, सफरचंद मधात बुडवून खातो, नव्या वर्षाची कार्डं करतो. आणि तुळईची गोष्ट सांगते. इथली मुलंही तितकीच भांडतात. न्यायला आलेले आई-बाप दारातच विचारतात, “कोणी ढकललं हिला?” ज्याने ढकललं त्याने तिचा पडलेला मनोरा तिच्याबरोबर पुन्हा रचलेला असतो. मी सांगते, “लागलं होतं, आता बरंय, मनोरा पाहून जा.” नाव सांगत नाही. काहींना राग येतो, एक-दोघांनी तक्रारही केली. तरी मी नाव सांगत नाही.