फॉर्मवर शेवाळाला रकानाच नाही!

करवीर तालुक्यातलं आमचं गाव तळ्याचं पाणी पितं. उन्हाळ्यात काठाला हिरवा तवंग धरतोच, पण यंदा रंगाचा डबा उपडा केल्यागत जाड साय आली. मी पाणीपुरवठा समितीत, त्यामुळं फोन मलाच: "दादा, पाण्याला मातकट वास मारतोय." जलसुरक्षकाला घेऊन नळाचा नमुना काढला, पोचवला. इथवर सुरळीत.

अडलं ते प्रयोगशाळेत. फॉर्मवर दोनच रकाने, रासायनिक आणि जैविक. मी म्हटलं, शेवाळ आणि त्यातलं विष तपासायचंय. खिडकीतले साहेब म्हणाले, "त्याला रकाना नाही. जैविकवर टिक करा." केली. अहवाल आला: पिण्यास योग्य. आता जैविक म्हणजे कोलिफॉर्म जिवाणू, आणि टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, मारलेल्या पाण्यात ते सापडणार कुठून? परत गेलो तर साहेब रजेवर. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, योग्य आलंय ना, मग तक्रार कसली? वरिष्ठांना पत्र दिलं. उत्तर काय, तर नमुना विहित प्रपत्रात सादर करावा. विहित प्रपत्र म्हणजे तोच दोन रकान्यांचा कागद! इकडं गावात तोच "योग्य"चा अहवाल लोक माझ्यापुढं नाचवत होते.

मग मी त्या खिडकीचा नाद सोडला आणि कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडं तळ्याची बाटली नेली. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवून त्यांनी मलाच बघायला लावलं. मायक्रोसिस्टिस, पुंजक्या-पुंजक्यांनी. हे निळं-हिरवं शेवाळ मायक्रोसिस्टिन नावाचं विष करू शकतं, ते यकृताला बाधतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. अमेरिकेतल्या टोलिडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये याच विषापायी लाखो लोकांना सांगावं लागलं होतं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको.

मॅडमनी काढून दिलेला फोटो ग्रामसभेत दाखवला आणि आठवड्यात हललं सगळं. पिण्यापुरते टँकर आले. पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तवंगापासून खाली घेतला. तुरटी आणि गाळणी आधी, टीसीएल नंतर, कारण पेशी अख्ख्या असतानाच गाळून काढायच्या. फुटल्या की विष पाण्यात उतरतं. "तळ्यात मोरचूद टाका" म्हणणारे होतेच. तवंग एवढा माजल्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकलं की पेशी एकदम फुटतात, वर मासे मरतात ते वेगळंच. मी आडवा पडलो, आणि बरं झालं पडलो.

मूळ दुखणं उसाच्या रानातून उतरणारं खत आणि गटाराचं पाणी. गटार वळवायचं काम सुरू झालंय. रानाचं मात्र कोण बोलणार? तळ्याकडंचे निम्मे बांध सदस्यांचेच आहेत.

हो, एक राहिलं. घरी अंदाज घ्यायचा तर काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवं वर तरंगून आलं तर निळ्या-हिरव्याचा संशय धरा, तळाला बसलं तर बहुधा साधं शेवाळ. हातमोजे घालून भरा. आणि प्रयोगशाळेत गेलातच, तर शेऱ्याच्या जागी "शेवाळ तपासणी हवी" असं हातानं लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.