बी पॉझिटिव्हची यादी

मार्च २०२४, रमजान सुरू होऊन आठवडा झालेला, आणि आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्हच्या दोन बॅगा होत्या. फक्त दोन. सकाळी आठला ज्या मुलीला ऑपरेशनला घेणार होते तिचा ग्रुप बी पॉझिटिव्ह.

आधी कुठली लॅब ते सांगते. मी मिरजेची, लॅब टेक्निशियन, अकरा वर्षं सांगलीकडच्या एका ब्लड बँकेत काम केलं. आमच्या घरात मिशन हॉस्पिटल म्हणजे घरचंच, आजी वॉन्लेस हॉस्पिटलात आया होती, पप्पांचा जन्म तिथला, माझाही तिथलाच. लहानपणापासून ऐकत आले की कॅनडातला एक डॉक्टर सव्वाशे वर्षांपूर्वी मिरजेसारख्या गावात आला आणि लोकांच्या पोटातल्या गाठी काढत बसला, तेव्हा कुठेतरी मनात होतं की आपणही एकदा कुणाच्या तरी गावाला जायचं. मर्सी शिप्सबद्दल चर्चमधल्या एका नर्सताईकडून कळलं. ख्रिस्ती संस्था आहे, १९७८ साली सुरू झालेली, जहाजावर हॉस्पिटल. त्यांचं पहिलं जहाज म्हणजे एक जुनी इटालियन प्रवासी बोट होती, तिचं नाव बदलून ‘अनास्तासिस’ ठेवलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पुनरुत्थान. मी गेले ते ‘ग्लोबल मर्सी’वर, हे मात्र पहिल्यापासून हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं, चीनमधल्या त्येन्जिनला, १७४ मीटर लांब, आत सहा ऑपरेशन थिएटर. ऑगस्ट २०२३ पासून ते सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनच्या धक्क्याला लागलेलं होतं.

पगार नाही. स्थानिक लोक कामाला असतात त्यांना मिळतो, बाकी सर्जनपासून भांडी धुणाऱ्यापर्यंत जवळजवळ सगळे स्वयंसेवक, उलट राहण्याजेवण्याचे पैसे महिन्याला आपणच भरायचे. माझ्या पैशांत निम्मे चर्चच्या मंडळींनी जमवलेले आणि थोडे मम्मीच्या भिशीचे, तिने आपला नंबर लवकर मागून घेतला माझ्यासाठी. निघताना गल्लीतल्या एकांनी तोंडावर विचारलं, काय बाटवायला चाललीस का तिकडं? मला राग नाही आला, वाईट वाटलं. तिथल्या चार माणसांतले तीन मुसलमान आहेत आणि ऑपरेशनच्या यादीत कुणाचा धर्म लिहिलेला मी तरी पाहिला नाही. रविवारी उपासना असते, ढोल वाजतात, ज्याला यायचं तो येतो. प्रभूने आंधळ्याला बरं करताना आधी तू कुणाचा म्हणून विचारलं नव्हतं, माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

आता रक्ताचं. जहाजावर आपल्याकडच्यासारखी फ्रीज भरून रक्त ठेवणारी ब्लड बँक नाही. जहाजावरची माणसंच ब्लड बँक. आल्या आल्या ज्याला द्यायचं आहे त्याचा ग्रुप बघतात, तपासण्या करतात, यादीत नाव घालतात, आणि लागेल तेव्हा फोन. स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, रिसेप्शनवरची मुलगी, मुलांच्या शाळेतले शिक्षक (हो, जहाजावर शाळा आहे, कारण काही जण बायकामुलांसकट वर्षानुवर्षं राहतात), सगळे. ती यादी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. कोण सुट्टीवर गेलं, कुणाला ताप आला, कुणी कधी दिलं, रोज सकाळी पहिलं काम तेच.

ओ आणि ए च्या याद्या लांबलचक, कारण बरेचसे लोक अमेरिका-युरोपचे. बी मात्र तिकडच्यांत कमी. आपल्याकडे बी म्हणजे किती, आमच्या ब्लड बँकेत बी पॉझिटिव्हची कधी काळजीच करायला लागली नाही, आणि इथं बी पॉझिटिव्हची नावं अकरा, त्यातलं एक माझं स्वतःचं. आता कुणी म्हणेल ओ द्यायचं ना मग, ओ सगळ्यांना चालतं. नुसत्या लाल पेशी असतील तर चालतं, पण जहाजावर आम्ही पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करत नव्हतो, होल ब्लड द्यायचो, आणि ओ च्या प्लाझ्मात बी च्या विरोधातल्या अँटीबॉडीज असतात. त्यामुळे ग्रुपला ग्रुपच लागतो.

त्या दिवशीची यादी मला अजून पाठ आहे. एक जण आदल्या आठवड्यात घरी गेलेला. तिघांनी महिन्याभरात रक्त दिलेलं. एक मलेरियाच्या गोळ्यांवर. एक जण पेशंट निवडायला आत गावांकडे गेलेल्या टीमबरोबर. आणि सातवी मी, माझं हिमोग्लोबिन ११.४, लागतं किमान १२.५. माझ्या नावापुढे फुली मीच मारलेली होती. राहिले चार.

मुलगी असेल एकोणीस-वीसची. खालच्या जबड्यात गाठ, अमेलोब्लास्टोमा म्हणतात, दात तयार करणाऱ्या पेशींमधून वाढते. कॅन्सर नाही, पण थांबत नाही. आपल्याकडे दाढ दुखते म्हणून एक्सरे काढला की गोटीएवढी असतानाच कळतं आणि काढून टाकतात. हिची सहा वर्षं वाढत होती, हनुवटीच्या जागी पपई लटकावी तशी, जीभ मागे ढकललेली, पेज सोडून काही गिळता येत नव्हतं, आणि अजून वर्षभराने श्वासच कोंडला असता. तोंडावर कायम ओढणी. बरोबर आई. मी आदल्या दिवशी क्रॉसमॅचचं, म्हणजे देणाऱ्याचं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का ते बघायचं, सॅम्पल घ्यायला वॉर्डात गेले तेव्हा तिथल्या पद्धतीने विचारलं, हाउ दि बॉडी? म्हणजे कशी आहेस. आईनेच उत्तर दिलं, आ टेल गॉड टेंकी. देवाचे आभार मानते. मुलीची ही अवस्था आणि हे उत्तर, मी सुई हातात घेऊन दोन सेकंद तशीच उभी होते.

आठला टीमने तिच्याभोवती उभं राहून प्रार्थना केली आणि घेतली आत. दोन बॅगा पुरतील असा सगळ्यांचा अंदाज होता आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, एवढ्या मोठ्या गाठीत रक्तवाहिन्या कशा पसरल्यात ते उघडल्यावरच कळतं. पावणेअकराला ओटीतून फोन. दुसरी बॅग लावलीय, अजून दोन लागतील.

पहिला फोन किचनमध्ये. घानाचा स्वयंपाकी, अंगाने मोठा, दुपारच्या भाताची गडबड सोडून ॲप्रनसकट आला. दुसरा फोन शाळेत, कोरियन शिक्षिका, पहिलीच्या वर्गाला कुणाला तरी बसवून धावत आली, तिची रक्त द्यायची पहिलीच वेळ. दोघांचे प्रश्न, बीपी, वजन, बोट टोचून हिमोग्लोबिन, मग एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, सगळ्या तपासण्या त्या दिवशी पुन्हा. आणि क्रॉसमॅच. स्वयंपाक्याचं जुळलं. शिक्षिकेची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढून हलवली तर पेशी मोकळ्या होईनात, खाली बारीक गुठळ्या. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मुलीला लहानपणी कधीतरी रक्त दिलेलं होतं असं आई म्हणाली होती, त्यातून एखादी अँटीबॉडी तयार झाली असणार.

ग्रुप तोच असूनही तुझं रक्त तिला चालणार नाही हे त्या शिक्षिकेला सांगताना मला फार जड गेलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग डोळे पुसून म्हणाली, मी काय करू सांग. मी यादी तिच्या हातात दिली आणि म्हटलं फोन लाव. पुढचा तासभर फोन तिने सांभाळला आणि मी हात चालवले, ती नसती तर माझं काय झालं असतं माहीत नाही.

तिसरा होता गँगवेवरचा गुरखा. जहाजाच्या शिडीवर पहारा देणारे बरेच जण नेपाळचे, सैन्यातून निवृत्त झालेले. त्याला जागा सोडता येईना, बदली माणूस आल्याशिवाय पहारा सोडायचाच नाही हा नियम, वीस मिनिटं गेली. आला तो जिना पळत चढून, त्यामुळे बीपी वाढलेलं, पाच मिनिटं गप्प बसवून ठेवलं. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा. हात पुढे करून म्हणाला, दिदी, दो बॅग ले लो. मी म्हटलं एकच घेता येते भाऊ. अकरा वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे पेशंटच्या नातेवाइकांकडे बदली रक्त मागायला गेलं की दहा जणांतले आठ जिन्याने खाली उतरायचे, मामाला बीपी, भावाला सुई सोसत नाही, आणि कुणीतरी हळूच विचारायचं, विकत मिळत नाही का? विकत देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे हे दरवेळी सांगायला लागायचं. त्यांनाही मी दोष देत नाही, माणसं घाबरलेली असतात. पण हा माणूस ती मुलगी कोण हेही जाणत नव्हता.

साडेतीनला ऑपरेशन संपलं. अर्धा जबडा काढून टायटॅनियमची पट्टी बसवली, हाड पुढे काही महिन्यांनी कमरेतून घेऊन लावायचं. चार बॅगा गेल्या. मी जेवले चार वाजता, उभ्यानेच.

आणि रात्री साडेनऊला आयसीयूतून फोन. ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी, भरतोय, हिमोग्लोबिन उतरतंय, अजून एक लागेल, कदाचित पुन्हा आत घ्यावं लागेल.

यादीत राहिलेला एकच. मादागास्करचा, इंजिन रूममध्ये, आणि नेमका वॉचवर, म्हणजे पाळीच्या ड्युटीवर. लोकांना वाटतं धक्क्याला लागलेलं जहाज म्हणजे उभी इमारत, पण जनरेटर चोवीस तास चालतात, ओटीची वीज, एसी, पाणी सगळं खालून येतं, वॉचवरचा माणूस उठून येऊ शकत नाही, आणि रक्त दिल्यावर लगेच तिथल्या उकाड्यात परतही जाऊ शकत नाही. मी फोनवर कसंबसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता इंजिनचा आवाज, मग त्याच्या साहेबांचा, चीफ इंजिनिअरचा आवाज आला, त्याला पाठवतोय, त्याचा वॉच मी करतो. चीफ दिवसभर काम करून नुकतेच झोपायला गेलेले होते म्हणे, कुणीतरी उठवलं असणार.

तो आला तेव्हा हाताला कोपरापर्यंत तेल. डिझेलचा वास खोलीभर. साबणाने एकदा धुतलं, दोनदा धुतलं, शीर दिसते तिथली कातडी स्वच्छ व्हायला तिसऱ्यांदा घासलं, मग स्पिरिट, मग आयोडीन, आणि त्या सगळ्या वेळात मी मनात एकच प्रार्थना करत होते, जुळू दे. जुळलं. ट्यूब हलवल्यावर पेशी अशा मोकळ्या वर आल्या धुरासारख्या, मला रडूच आलं पण हात मोकळे नव्हते. बॅग भरायला नऊ मिनिटं लागली. मी ती घेऊन स्वतःच आयसीयूत गेले, कारण रात्री लॅबला दुसरं कुणी नव्हतं.

ती बॅग गरम होती. हे मला लिहायचंच होतं. अकरा वर्षं मी रक्ताच्या बॅगा हाताळल्या, चार डिग्रीच्या, फ्रीजमधून काढलेल्या, हाताला गार लागणाऱ्या. दोन्ही हातांत धरून पॅसेजमधून चालताना ही अंगाला लागून ऊब देत होती, आताच एका माणसातून निघालेली, दुसऱ्यात चाललेली. ताज्या होल ब्लडमध्ये प्लेटलेट असतात, गोठवणारे घटक शाबूत असतात, त्यामुळे रक्तस्राव थांबायला मदत होते, हे मी परीक्षेत लिहिलेलं वाक्य. ते हाताला लागलं त्या रात्री.

पुन्हा आत घ्यायची वेळ आली नाही. साडेबाराच्या सुमारास ड्रेनमध्ये यायचं कमी झालं.

आई वॉर्डात जागीच होती, मुलीच्या रिकाम्या बेडशेजारी, हातात तसबीह, त्यांची जपमाळ. रोजा सोडायला किचनमधून भात, कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि खजूर आले होते, ताट त्याच स्वयंपाक्याने पाठवलेलं, पण तिला ते माहीत नव्हतं. भात तसाच होता. तेम्ने बोलणारी दुभाषी ताई होती रात्रपाळीला, तिच्याकडून आईने विचारलं, रक्त कुणाचं दिलं? नाव सांगायची पद्धत नाही. मी म्हटलं, जहाजातल्या माणसांचं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. ती उठली, माझे दोन्ही हात धरून उलटे केले आणि कोपराच्या आतल्या बाजूला बघितलं, पट्टी आहे का म्हणून.

नव्हती. मला इतकं कानकोंडं झालं. मी दुभाषीला म्हटलं, सांग तिला, माझा ग्रुप तिच्याच मुलीचा आहे, पण माझ्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून मला देता आलं नाही. आईने ऐकलं, मान हलवली, आणि ताटातले चार-पाच खजूर उचलून माझ्या तळहातावर ठेवले, बोटं मिटवली. दुभाषी म्हणाली, ती म्हणतेय खा, याने रक्त वाढतं.

मम्मी हेच म्हणायची. अगदी हेच, डबा भरताना. मी तिथंच बेडच्या कडेला तिच्याजवळ बसून खाल्ले, मग तिनेही थोडा भात खाल्ला.

मुलगी तीन आठवड्यांनी किनाऱ्यावरच्या सेंटरमध्ये राहायला गेली, जाताना ओढणी खांद्यावर होती. ईदला आई वॉर्डात सगळ्यांना भेटायला आली, मला बघून आधी माझे हात उलटे केले. मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि रोज खजूर, किचनमधला तो घानाचा भाऊ आठवणीने बाजूला काढून ठेवायचा. मे महिन्यात हिमोग्लोबिन १२.७ भरलं. यादीतली माझ्या नावापुढची फुली खोडली आणि फोन नंबर नीट वाचता येईल असा पुन्हा लिहिला.