भरिताच्या पंगतीत रेड वाईन: बामणोदच्या मळ्यातील अपेक्षाभंग

नाशिकहून निघून चांदवड मागे पडले की द्राक्षबागा विरळ होत जातात, धुळ्यापुढे कपाशी लागते आणि जळगावहून तापी ओलांडली की केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी रस्ता व्यापतात. त्या केळीच्या पट्ट्यातच, यावल तालुक्यातील बामणोदजवळच्या एका मळ्यात, आम्ही भरिताच्या पंगतीत महाराष्ट्राच्या रेड वाईन चाखायला बसलो होतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राज्याचे द्राक्ष-वाईन धोरण 2001 चे आहे; आपल्याच मातीतल्या या दोन गोष्टी एका ताटावर जुळाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा होती.

पहिली बाटली जळगावात विकत घेतलेली कॅबरने सॉव्हिन्यॉन, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षाची वाईन, होती. दुकानात ती वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली होती. वेष्टन काढताच बूच काचेच्या कडेपेक्षा किंचित वर आलेले दिसले आणि बाहेर काढल्यावर त्याच्या अंगावर तळापासून माथ्यापर्यंत वाईनचा जांभळा ओघळ आढळला. बाटली तापली की आतला द्रव फुगतो, बुचाला वर रेटतो आणि फटीतून झिरपतो. ज्या गावात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेथे वातानुकूलन नसलेल्या दुकानात दुसरे काय होणार? ग्लासातला रंग कडेला विटकरी झाला होता आणि ताज्या फळाचा गंध पार निघून गेला होता. मित्राचे वडील माळकरी, त्यामुळे त्यांनी ती ओठाला लावली नाही, पण ग्लास हुंगून ते म्हणाले, "भाऊ, ह्याला तर काकवीचा वास येतोय." यापेक्षा नेमके वर्णन मला करता आले नसते.

दुसरी कॅबरने आम्ही नाशिकच्या एका वायनरीतूनच घेतली होती आणि गाडीत गारव्याला ठेवून आणली होती. ती बिघडलेली नव्हती, म्हणूनच तिने अधिक निराश केले. ढोबळी मिरचीचा हिरवा वास, जिभेवर कोरडा तुरटपणा आणि घोट गिळताच संपणारी चव. याचे मूळ बागेत आहे. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये काढली जातात. पिकण्याच्या काळात दिवसाचे ऊन वाढत जाते, मण्यांत साखर भराभर चढते, परंतु साल आणि बी त्या वेगाने पक्व होत नाही. साखर पाहून तोडणी केली तर कच्चे टॅनिन, म्हणजे साली-बियांतले तुरट द्रव्य, वाईनमध्ये उतरते, आणि थांबावे तर आम्लता घसरते. ही ओढाताण सोपी नाही, हे मान्य करूनही "मखमली" असे छापलेल्या लेबलाखाली अशी वाईन विकणे मला पटत नाही.

तोवर कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती. साले काढून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ती बडजीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, ठेचली जात होती. त्यावर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि सोबत कळण्याची भाकरी. या भरिताबरोबर शेवटची बाटली, शिराझ या दुसऱ्या काळ्या द्राक्षाची वाईन, घेतली आणि पहिल्याच घासाला तोंडात आग पेटली, कारण मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलचा दाह एकमेकांना वाढवतात आणि टॅनिन त्यात भर घालते. एरवी हीच शिराझ त्या दिवशीची सर्वांत बरी वाईन होती. रेड वाईन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी आहे. प्रत्यक्षात तिला 16 ते 18 अंश मानवतात. म्हणून आम्ही बाटली विहिरीच्या पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवली. त्यानंतर दाह उतरला, काळ्या मिरीचा आणि जांभळ्या फळाचा गंध वर आला, आणि भाजलेल्या वांग्याच्या धुराशी तो बरा जुळलाही. तरीही घोटाच्या मधली चव पोकळच राहिली, आणि तिच्यासाठी मोजलेल्या पैशांत ती भरलेली असायला हवी होती. भरिताची दुसरी वाढ मी ताकाबरोबर घेतली. उरलेली शिराझ मित्राने भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर संपवली आणि मिरची नसल्याने ती तेथे अधिक शोभली.